नुकताच चष्म्याचा नंबर तपासला असेल, तर काचबिंदूसाठी पुन्हा डोळे तपासावे लागतात का?

आपण विचारले आहे, की आईला काचबिंदू असल्याचे गेल्या महिन्यात निष्पन्न झाले, आपले वय 41 आहे आणि दोनच महिन्यांपूर्वी चष्म्याच्या दुकानात संगणकावर नंबर तपासून घेतला तेव्हा सारे ठीक निघाले. मग आता पुन्हा तपासणी कशासाठी? तपासणी हवीच, आणि ती लांबणीवर टाकू नका. मी डॉक्टर नाही. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून गेली 17 वर्षे रुग्णांचे डोळे तपासते आहे, आणि नेमक्या याच समजुतीपायी उशिरा आलेली बरीच माणसे मी पाहिली आहेत.

दुकानात एवढेच पाहतात, की समोरचे अक्षर स्पष्ट दिसायला कोणत्या नंबराची काच लागेल. त्यात नजरेच्या अगदी मधल्या भागाचा कस लागतो. काचबिंदू मात्र बहुधा कडेकडून नजर खात येतो आणि मधला भाग बराच काळ शाबूत राहतो. डोळ्याच्या आत पाण्यासारखा एक द्राव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून झिरपून जात असतो. ही वाट अडली की डोळ्यातला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेतील सुमारे 10 लाख तंतू हळूहळू निकामी होऊ लागतात. या काळात बहुतेकांचा डोळा दुखत नाही, लालही होत नाही, आणि एका डोळ्याला न दिसणारे दुसरा भरून काढत असल्यामुळे रुग्णाला वर्षानुवर्षे काही जाणवत नाही.

काही वर्षांपूर्वी एक शिंपीकाका सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून जवळच्या चष्म्यासाठी आले होते. एकेक डोळा झाकून त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळ न अडखळता वाचली. नंबर घेऊन ते उठले आणि शेजारच्या स्टुलावर अडखळले, तेथून वळले तर दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागला. मी त्यांना परत बसवले, एक डोळा झाकून माझ्या नाकाकडे पाहत राहायला सांगितले आणि माझी बोटे कडेने हलवत हळूहळू आत आणली. बोटे जवळजवळ माझ्या गालापाशी पोहोचली तेव्हा ते म्हणाले, "आत्ता दिसली, ताई." त्यांच्या उजव्या डोळ्याचा दाब 34 आणि डाव्याचा 31 भरला, सर्वसाधारणपणे तो 10 ते 21 असतो. थेंब सुरू झाल्यावर उरलेली नजर टिकून आहे. गेलेली परत आलेली नाही, आणि काचबिंदूत ती येत नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले की पुन्हा दिसू लागते, म्हणून पुष्कळ घरांत काचबिंदूबद्दलही तीच आशा धरली जाते. आईच्या बाबतीत आपण तसे समजू नये आणि तिचे थेंब एक दिवसही चुकू देऊ नयेत.

नेत्रतज्ज्ञांकडे गेल्यावर केवळ दाब मोजून समाधान मानू नका. दाब प्रमाणात असूनही नस खराब होत असलेले रुग्ण असतात, शिवाय बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवू शकते. म्हणून त्याची जाडी मोजावी लागते. द्राव वाहून जाण्याचा कोन उघडा आहे की अरुंद, हे डोळ्यावर छोटे भिंग टेकवून पाहतात, आणि हे बाहुली मोठी करण्याचे थेंब घालण्यापूर्वी व्हायला हवे, कारण कोन फार अरुंद असेल तर त्या थेंबांनी दाब एकाएकी चढू शकतो. त्यानंतर नसेचे तोंड प्रत्यक्ष पाहिले जाते. सर्व तपासणीत मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. गरज वाटल्यास दृष्टिक्षेत्राची चाचणी करतात. त्यात प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचे असते. काही ठिपके मुद्दामच न दिसण्याइतके मंद ठेवलेले असतात, तेव्हा ते हुकले म्हणून घाबरू नये आणि अंदाजाने बटण दाबू नये.

डोळ्यांच्या खाजेसाठी मेडिकलमधून स्वतःच आणलेले स्टेरॉइडचे थेंब आपण कधी दीर्घकाळ वापरले असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यांनी दाब वाढून तरुण वयातही काचबिंदू झालेली मुले मी पाहिली आहेत. दमा असेल तर तेही सांगा, कारण काचबिंदूचे काही थेंब दम्याच्या रुग्णाला चालत नाहीत.

सख्ख्या नात्यात काचबिंदू असला की धोका कित्येक पटींनी वाढतो. त्यामुळे आपली भावंडे असतील तर त्यांनाही बरोबर घेऊन जा, आणि आईची फाईलही न्या. बाहुली मोठी केल्यावर काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. त्या दिवशी स्वतः गाडी चालवत जाऊ नका. सारे ठीक निघाले तरी पुढची तारीख किती महिन्यांनी, हे विचारून कागदावर लिहून घ्या.