वाचक विचारतात : कोरियाचं वेड घरात आलं कुठून?

प्रश्न : नात अकरावीत आहे. लॉकडाऊनमध्ये कोरियन मालिका बघायला लागली, आता वहीच्या मागच्या पानांवर त्यांची अक्षरं गिरवते आणि पुढे सोलला शिकायला जाणार म्हणते. मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. आमच्यासाठी कोरिया म्हणजे एक युद्ध आणि त्याचे दोन तुकडे, बस्स. एवढ्याशा देशाने आमच्या माजघरापर्यंत मजल मारली कशी? हे सगळं ठरवून केलेलं असतं का?
— निवृत्त शिक्षक, इस्लामपूर

उत्तर : गुरुजी, थोडं ठरवून आणि बरंचसं न ठरवता. दक्षिण कोरिया खरंच एवढासा आहे, आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम एक तृतीयांश. तुम्ही इतिहासाचे, म्हणून आधी सनावळी सांगते. 1994 मध्ये राष्ट्राध्यक्ष किम योंग-साम यांच्यापुढे सल्लागारांनी एक हिशेब मांडला : हॉलिवूडच्या डायनासोरवाल्या एका चित्रपटाची कमाई म्हणजे ह्युंदाईच्या 15 लाख मोटारी विकल्यासारखी आहे. घाम गाळून मोटारी परदेशी पाठवणाऱ्या देशाला हा आकडा चांगलाच झोंबला. मग 1997 चं आर्थिक संकट आलं, लोकांनी देशाचं कर्ज फेडायला घरातलं सोनं काढून दिलं. त्यातून सावरताना, 1999 मध्ये, संस्कृतीशी जोडलेल्या उद्योगांना पाठबळ देणारा कायदा झाला.

इथवर ठरवून. पण गोष्ट काय सांगायची हे सरकारला कधी जमलेलं नाही, तिथेही नाही. 2020 मध्ये ज्यांच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं त्या बोंग जून-हो यांचं नाव काही वर्षांपूर्वी त्यांच्याच देशाच्या सरकारने कलावंतांच्या काळ्या यादीत घातलं होतं! देशाचं नाव जगभर नेलं ते या यादीतल्या माणसाने.

आता माझ्या धंद्यातलं सांगते. बावीस वर्षं टूर मॅनेजर होते, कोरियाला सात वेळा गेले. सोलपासून दीड-दोन तासांवर, नदीत नामी नावाचं अर्धचंद्राच्या आकाराचं बेट आहे. 1944 मध्ये धरण बांधलं, पाणी चढलं आणि टेकाडाचं बेट झालं. बघायला काय, तर झाडं. पण 2002 मध्ये ‘विंटर सोनाटा’ या मालिकेतले प्रेमिक तिथल्या झाडांच्या रांगेतून चालले, पुढच्या वर्षी मालिका जपानी दूरदर्शनवर लागली आणि जपानी बायकांची रीघ लागली. तरुण पोरी नव्हेत हो, माझ्या वयाच्या, पर्स सांभाळत चालणाऱ्या बायका. ज्या जपानने 1910 पासून 1945 पर्यंत कोरियावर राज्य केलं, तिथल्या.

बेटवाल्यांचं डोकं बघा. 2006 मध्ये त्यांनी गमतीने स्वतःला ‘नामिनारा प्रजासत्ताक’ जाहीर केलं. तिकीट म्हणजे ‘व्हिसा’, धक्क्यावर ‘इमिग्रेशन’, मग पाच मिनिटांची होडी. आमच्या ग्रुपमधल्या चिंचवडच्या एका काकू त्या रांगेत खऱ्या पासपोर्टची पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांनी ती मालिका पाहिलेली नव्हती, दुसऱ्या चार पाहिल्या होत्या, तेवढं पुरलं. झाडांखाली पोचल्यावर म्हणाल्या, “अगं, इथं आधी येऊन गेल्यासारखं वाटतंय.” त्यांचे यजमान मात्र भलत्याच पेचात. कोरियन पोरं बापाला ‘आप्पा’ म्हणतात आणि काकांना घरी सगळे आप्पाच म्हणतात. दिवसभरात आठ-दहा वेळा तरी ते मागे वळले असतील.

जाहिरातीचे फलक मी जगभर पाहिले. कोणी फलक बघून दारात आलेलं आठवत नाही. माणूस येतो तो गोष्टीतली जागा शोधत. आल्यावर ज्यांनी त्याला त्या गोष्टीत पाय ठेवू दिला, ते जिंकले. सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्याचं तिकीट 3,000 वॉन, पण ‘हानबोक’ हा त्यांचा पारंपरिक पोशाख घालून गेलात तर प्रवेश फुकट. आजूबाजूला भाड्याने हानबोक देणाऱ्या दुकानांची ओळ आहे. तिकिटापेक्षा भाडं जास्त, हे माझ्या लोकांच्या लगेच लक्षात आलं, तरी सगळ्यांनी घातले. काकूंच्या घरच्या भिंतीवर आता तोच फोटो आहे. एवढ्या सवलतीत राजवाड्याने काय कमावलं ते मोजा.

मात्र याला ‘दबदबा’ म्हणाल तर जपून. 2017 मध्ये क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेवरून चीन कोरियावर रागावला आणि चिनी सहली बंद झाल्या. आदल्या वर्षी 80 लाखांवर चिनी पाहुणे आले होते, त्या वर्षी 42 लाखांच्या आसपास. मालिकांवर जीव टाकणारे तेच लोक, पण बीजिंगने दोरी ओढली आणि बस रिकामी. जपान-कोरियाची भांडणंही त्या बायकांच्या प्रेमाने मिटली नाहीत. लोकांचं प्रेम मिळतं, सरकारांचं नाही.

नातीला अक्षरं गिरवू द्या. पंधराव्या शतकात सेजोंग राजाने ती मुद्दाम सोपी बनवून घेतली, सामान्य माणसाला वाचता यावं म्हणून. आज कोरियन सरकार 2007 पासून जगभर भाषावर्ग चालवतं, त्यांनाही त्याच राजाचं नाव आहे. तुम्हीही तिच्याजवळ बसा. चार दिवसांत पाट्या वाचाल, अर्थ कळणार नाही तो भाग वेगळा.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी, घरात कांदा-लसूणही नाही. मुलीला कोरिया बघायचाय. उपाशी राहू का?
— गृहिणी, डोंबिवली

उत्तर : पहिली सूचना : किमची शाकाहारी नसते. दिसते कोबीच्या लोणच्यासारखी, पण आत बहुधा माशाचं किंवा कोळंबीचं खारवलेलं वाटण असतं. दुसरी : बौद्ध मठांतलं जेवण शोधा. त्यात मांस नाही, मासे नाहीत आणि कांदा-लसूणही नाही. 2002 च्या फुटबॉल विश्वचषकाला परदेशी पाहुण्यांना खोल्या पुरेनात, तेव्हा मठांनी दारं उघडली. स्पर्धा संपली, पण मठात राहण्याची सोय आजही चालू आहे. पहाटे उठवतात, ताट स्वतःच धुवायचं. एका जैन आजोबांना मी मोठ्या ऐटीत तिथे नेलं, तर समोर मुळा! त्यांनी शांतपणे भात आणि पालेभाजी खाल्ली, वर भिक्षूला नमस्कार केला. खाकरे सोबत असू द्याच.

प्रश्न : आपल्या किल्ल्यांना 2025 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात आमच्या शेजारचा सुवर्णदुर्गही आहे. आता परदेशी पर्यटक वाढतील आणि आपलं नाव जगात जाईल, असं आमच्या मंडळात सगळे म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?
— किल्लेप्रेमी, दापोली

उत्तर : दर्जा मिळाला याचा मलाही आनंद झाला, पेढे वाटले. पण दर्जा म्हणजे दारावरची पाटी. आत गोष्ट सांगणारं कोण आहे?

सुवर्णदुर्गाचीच घ्या. 1755 मध्ये हा किल्ला इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. अवघड गोष्ट आहे, आपल्याला सांगायला लाज वाटते, म्हणून आपण ती गाळतो. इंग्रजांनी गाळली नाही. जेम्सच्या विधवेने 1784 मध्ये त्याच्या स्मरणार्थ लंडनच्या आग्नेयेला, शूटर्स हिलवर, एक तीन कोनी मनोरा बांधला. त्याचं नाव ‘सेवर्नड्रूग कॅसल’. मोठ्याने म्हणून बघा : सुवर्णदुर्ग! मनोरा मोडकळीला आला होता, तो दुरुस्त करून 2014 मध्ये पुन्हा उघडला. वर चढलं की लंडन दिसतं, खाली चहा मिळतो.

मी हर्णैहून होडीने सुवर्णदुर्गाला गेले तेव्हा सलवार गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उतरावं लागलं. त्याचं काही नाही, मजाच आली. तासभर तटावर फिरले. ना फलकावर आंग्रे, ना जेम्स. परतताना नावाड्याला विचारलं, “दादा, हा किल्ला कोणी घेतला होता हो?” तो म्हणाला, “ताई, आधी चढा, ओहोटी लागलीय.”