नार-पार : जोडशब्द नव्हे, दोन नद्या

सटाण्याहून एका वाचकांनी विचारलं आहे : "‘नारपारचं पाणी गिरणेत येणार’ हे लहानपणापासून ऐकतोय. ‘नारपार’ हा ‘आरपार’सारखा जोडशब्द समजायचा का? आणि त्यातल्या ‘पार’चा अर्थ काय?"

नाही हो. जोडशब्द नाही आणि एक नदीसुद्धा नाही. नार वेगळी, पार वेगळी. दोघी आपल्याच सुरगाणा-पेठ भागातल्या. हा मुलूख जिल्ह्याने नाशिकचा, पण पाण्याने नाही. नाशकातलं पाणी गोदावरीबरोबर पूर्वेला जातं, इथलं घाट उतरून पश्चिमेला पळतं. दोघी सरहद्द ओलांडून गुजरातेत धरमपूरकडे जातात, तिकडे नार पारला मिळते आणि पार पारडीजवळ समुद्राला. गिरणेत, म्हणजे घाटाच्या पूर्वेकडच्या गिरणा नदीत, आणायचं म्हणतात ते या पळणाऱ्या पाण्यापैकी काही, उचलून, डोंगराच्या अलीकडे. असं असताना बातम्यांत ‘नारपार नदीचे पाणी’ ऐकलं की मी टीव्ही बंद करतो. त्यावर कडी म्हणजे ‘नारपारसाठी आरपारची लढाई’. ही ‘आरपारची लढाई’ हिंदीची उसनवारी. मराठीत गोळी आरपार जाते, दाभण आरपार जातो. लढाई निकराची होते, नाहीतर निर्वाणीची.

‘पार’चे नेहमीचे अर्थ सांगत बसत नाही. काम पार पडणं, पार वाट लागणं हे सगळ्यांना ठाऊक आहे. (वडाचा पार या कुळातलाच नाही. तो मला ‘प्राकारा’च्या घरचा वाटतो, पण ते पुन्हा केव्हातरी.)

मजा आहे ती ‘पार’च्या हरवलेल्या जोडीदारात. संस्कृतात पलीकडचा काठ तो ‘पार’ आणि अलीकडचा तो ‘अवार’. आपलं पैलतीर नि ऐलतीर. दोन्ही मिळून ‘पारावार’, म्हणून समुद्रालाही पारावार म्हणतात. ‘आनंदाला पारावार राहिला नाही’ म्हणजे त्याला ना हा काठ उरला ना तो. जे लोक ‘मला पारावार आनंद झाला’ असं लिहितात, ते नकळत कबूल करतात की आनंद दोन काठांत बसेल इतपतच झाला. ‘आरपार’मधला ‘आर’ हा याच ‘अवार’चा झिजलेला तुकडा.

पाणिनीचं एक सूत्र आहे, ४.२.९३ : ‘राष्ट्रावारपाराद् घखौ’. ‘राष्ट्र’ आणि ‘अवारपार’ या शब्दांना कोणते प्रत्यय लागतात एवढंच ते सांगतं. पहिल्याचा होतो ‘राष्ट्रिय’, दुसऱ्याचा ‘अवारपारीण’, म्हणजे दोन्ही काठांशी नातं असलेला. (होय, ‘राष्ट्रिय’, ऱ्हस्व. आपण बिनदिक्कत दीर्घ लिहितो, आता तो हट्ट मीही सोडला आहे.) राष्ट्र आणि दोन्ही काठ एकाच सूत्रात शेजारी शेजारी बसलेले पाहून मला दरवेळी हसू येतं. पूर्वी सुरगाणा संस्थान होतं, धरमपूरही संस्थान होतं. मग दोन्ही मुंबई राज्यात आली आणि १ मे १९६० ला मधे राज्यांची सरहद्द पडली. नारेच्या वाहण्यात त्याने काय फरक पडला असेल? त्या दिवसापासून ती महाराष्ट्रात उगवून गुजरातेत मिळू लागली, इतकंच. ‘आंतरराज्यीय’ म्हणताना जीभ अडखळते, अशा नदीला अवारपारीण म्हणा.

आता तुमचा खरा प्रश्न, नदीचं नाव. ‘घाटापलीकडची म्हणून पार’ असं आमच्याकडचे भलेभले छातीठोकपणे सांगतात. घाटापलीकडची, पण कुणाच्या? नाशिककराच्या! नदीला नाव काठावरची माणसं देतात, पंचवटीत बसलेली नाही. आणि ज्याचा पुरावा नाशकातच दगडावर कोरलेला आहे, त्याच्याबद्दल नाशिककरांनी तर्क लढवावेत याचा राग येतो.

पांडवलेण्यांत १० क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. उषवदात हा इथे राज्य करणाऱ्या शक राजाचा, क्षत्रप नहपानाचा, जावई, लेख सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात त्याच्या दानांची लांबलचक यादी आहे आणि मधेच एक समास येतो : ‘इबा-पारादा-दमण-तापी-करबेणा-दाहनुका-नावापुण्यतरकरेण’. या सहा नद्यांवर त्याने होड्या ठेवून फुकट पलीकडे जाण्याची सोय केली. यातली पारादा म्हणजे आपली पार. दमण म्हणजे दिंडोरी तालुक्यात उगवणारी दमणगंगा. दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी : शेवटचा ‘का’ गळाला, ‘द’चा ‘ड’ झाला, जसा ‘दंशा’चा डास झाला. तेव्हा मूळ नाव ‘पार’ नव्हे, ‘पारादा’. माझं मत असं की लोकांच्या कानाला ओळखीचा ‘पार’ ऐकू आला आणि मागचा ‘आदा’ त्यांनी सोडून दिला. दमणेचं उलट झालं, तिला ‘गंगा’ हे शेपूट नंतर चिकटलं. नाशिककराला यात नवल नाही. आपण गोदावरीवर कधी जातो? आपण गंगेवर जातो, आणि पंचवटी असते गंगेपलीकडे.

इबा म्हणजे अंबिका, करबेणा म्हणजे चिखलीजवळची कावेरी, ही ओळख जुन्या कोरीव लेखांचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजी यांची आणि ती मला मान्य आहे. मान्य नाही ते त्यानंतरच्या लोकांचं नाक मुरडणं : यादी विस्कळीत आहे, लेख रचणाऱ्याला किनारा ठाऊक नव्हता. नकाशा काढा आणि बोट ठेवा. अंबिका, पार, दमणगंगा : उत्तरेकडून दक्षिणेला. मग बोट उचला. तापी, कावेरी, डहाणू : पुन्हा उत्तरेकडून दक्षिणेला. यादी विस्कळीत नाही, त्या दोन खेपा आहेत! दोन वेळी केलेली दोन दानं रचणाऱ्याने एका समासात ओवली, असं मी गेली कित्येक वर्षं सांगतो आहे. तीन-तीन नद्यांवरून एवढं म्हणणं धाडसाचं आहे, असं एका स्नेह्यांनी मला ऐकवलं. पण सहापैकी सहा नद्या माझ्या बाजूने आहेत, त्यांच्या बाजूने नुसती शंका.

एवढ्याशा नद्यांना होडी कशाला, असं कुणी विचारेल. वर सुरगाण्यात उन्हाळ्यात चपला हातात घेऊन पलीकडे जाता येतं हे खरं. पण खाली मुखाजवळ भरतीचं पाणी आत चढतं, नदीची खाडी होते, आणि भरुकच्छ ते शूर्पारक, म्हणजे भडोच ते सोपारा, जाणाऱ्याला अशा खाड्या एकामागून एक आडव्या येतात. मुंबईहून सुरतेकडे जाताना पारडी आणि अतुल या स्टेशनांच्या मधे खिडकीतून खाली पाहा, गाडी पार ओलांडत असते.

‘पुण्यतर’मधला ‘तर’ कोकणात अजून आहे, होडीने पलीकडे नेतात ती तर. उतार, उतारू, तीर्थ, तारू सगळी त्याच धातूची पिलावळ. एसटीच्या उतारूला आपण होडीतले आहोत हे माहीत नसतं. पण माझा लाडका शब्द पुढच्याच ओळीत आहे. उषवदाताने या नद्यांच्या ‘उभतो तीरं’, दोन्ही तीरांवर, ‘सभा’ आणि ‘प्रपा’ बांधल्या. प्रपा म्हणजे पाणी पाजण्याची जागा. ‘प्र’मधला ‘र’ गेला, मधला ‘प’ ‘व’कडून ‘ओ’त विरघळला आणि झाली पोई. पाणपोई! चैत्रात रस्त्याकडेला लाल फडक्यात गुंडाळलेले रांजण दिसतात ना, त्यांचा शब्द पांडवलेण्यात कोरलेला आहे, आणि तोही पारेच्या दोन्ही काठांसाठी, अवारपारीण.

नारेचं राहिलंच. ‘नार म्हणजे संस्कृतात पाणी, म्हणून नार-पार म्हणजे पाण्यापलीकडे’ हा शोध सध्या फोनाफोनी फिरतो आहे. ‘आपो नारा इति प्रोक्ताः’ हे मनुस्मृतीतलं वचन त्याला टेकू म्हणून देतात. ते वचन ‘नारायण’ शब्दाची फोड करायला रचलेलं आहे, नद्यांची नावं ठेवायला नाही. शिवाय दोन वेगळ्या नद्यांची नावं एकमेकींना विचारून ठेवलेली नसतात. उषवदाताच्या यादीत नार नाहीच, आणि ती असायचं कारणही नाही : ती समुद्राला पोचण्याआधीच पारेत जाते, तिला होडी लागत नाही.

तेव्हा लिहिताना मधे आडवी रेघ द्या, ‘नार-पार’, आणि पुढे ‘नद्यांचं पाणी’ असं अनेकवचन ठेवा.