पांढऱ्या फळ्यावरचा आकडा

तुम्ही विचारलंय, ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या विज्ञानकथा-मालिकेचा ‘३३’ हा भाग पाहिला, त्यात पन्नास हजारांना वाचवायला हजारभर माणसांचं जहाज पाडतात. हिशोब सरळ आहे, मग त्यावर एवढी घालमेल कशासाठी?

हिशोब सरळ आहे हे मला मान्य आहे. अध्यक्षांच्या जागी मी असते तर मीही तोच हुकूम दिला असता. पण हा भाग मी चार-पाच वेळा पाहिलाय आणि दर वेळी पोटात गोळा येतो. का येतो ते सांगते.

इतर वाचकांसाठी थोडक्यात: सायलॉन नावाची माणसानंच घडवलेली यंत्रं उलटतात आणि माणसाच्या बारा वसाहती अणुबॉम्ब टाकून बेचिराख करतात. उरतात पन्नास हजारांच्या आसपास माणसं, एक जुनी युद्धनौका आणि तिच्या आसऱ्यानं पळणारी प्रवासी आणि मालवाहू जहाजं. शिक्षणमंत्री असलेली लॉरा रॉझलिन राष्ट्राध्यक्ष होते, कारण तिच्या वरच्या पदांवरचं कुणीच उरलेलं नाही. ‘३३’ २००४ मध्ये दाखवला गेला, पुढच्या वर्षी त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. दर ३३ मिनिटांनी सायलॉन येऊन धडकतात, ताफा उडी मारून अवकाशात दुसरीकडे जातो आणि घड्याळ पुन्हा सुरू होतं. अशा २३७ उड्या झाल्यात. १३० तास कुणी झोपलेलं नाही. मग ‘ऑलिम्पिक कॅरियर’ नावाचं १,३४५ माणसांचं जहाज मागे राहतं, आणि नेमके त्या वेळी सायलॉन येत नाहीत. जहाज परत येतं, त्याच्या मागोमाग तेही येतात. थांबा म्हटलं तरी जहाज थांबत नाही, त्यावर अण्वस्त्रं असल्याचं कळतं. लढाऊ वैमानिक ली अडामा, म्हणजे अपोलो, आपलं विमान खिडक्यांजवळून नेतो. आत कुणी दिसत नाही. हुकूम येतो. तो गोळ्या झाडतो.

आत माणसं होती की नव्हती? लीला ते कळत नाही. मला वाटतं, घालमेल इथून सुरू होते. तुमच्या हिशोबात एका बाजूला १,३४५ आहेत. लीच्या हिशोबात तिथे शून्य असेल किंवा १,३४५ असतील, आणि कोणता आकडा खरा हे त्याला कधीच समजणार नाही. हे घेऊन त्याला जगायचंय.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना चटकन जाणवेल. या मालिकेच्या शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र आहे. मुंजीत बटूच्या कानात सांगतात तोच. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा सोफ्यावर नीट उठून बसले. ‘धियो यो नः प्रचोदयात्’, आमच्या बुद्धीला प्रेरणा दे, हे मागणं कानावर पडत असतं आणि पडद्यावर किती माणसं उरलीत तो आकडा येतो. ज्या लोकांची बुद्धी पाच दिवसांच्या जागरणानं बधिर झालीय, त्यांच्या गोष्टीच्या दारात हे मागणं ठेवलंय. कुणी विचार करून ठेवलं की नुसतं सुरांसाठी, मला फरक पडत नाही. मला ते भिडतं.

तो आकडा रॉझलिनच्या जहाजावर एका पांढऱ्या फळ्यावर हातानं लिहिलेला असतो. ‘३३’मध्ये तो आधी ५०,२९८ असतो. फेरमोजणी होते, माणसं कमी भरतात, ती पुसून नवा आकडा लिहिते. शेवटी कळतं की एका जहाजावर मूल जन्मलंय, मुलगा. ती उठते आणि ४७,९७२ चे ४७,९७३ करते. शेवटचा एक अंक फक्त. तेवढं लिहिताना तिचा चेहरा बघा.

तुम्ही इथेच थांबलात असं वाटतं. पुढचा भाग, ‘वॉटर’, तोही पाहा. त्यात ली अध्यक्षांना सांगतो की त्याला अजून शंका खातेय. ती त्याला ‘तू बरोबरच केलंस’ असं थोपटत नाही. आधीच्या अध्यक्षांबद्दल सांगते: त्यांच्या एका निर्णयानं माणसं मेली, चारचौघांत त्यांनी चूक कधी मान्य केली नाही, पण मेलेल्यांची नावं टेबलाच्या खणात जपून ठेवली होती. आणि मग ती स्वतःजवळची कागदाची चिठ्ठी काढून दाखवते. त्यावर ‘ऑलिम्पिक कॅरियर’ लिहिलेलं असतं. माझ्या मते सबंध मालिका त्या चिठ्ठीत आहे. हुकूम योग्य होता की अयोग्य यावर वाद घालता येईल, पण तो देणाऱ्यानं त्याची नोंद स्वतःजवळ ठेवली. लीनंही ठेवली. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी, २००७ मध्ये दाखवलेल्या खटल्यात, तो साक्षीदार म्हणून उभा असताना स्वतःहून हे जहाज काढतो: मी हजारावर माणसांचं जहाज पाडलं, मला माफ केलं गेलं.

याच्या समोर ठेवा ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’मधला १९९८ चा ‘इन द पेल मूनलाइट’ हा भाग. ‘गॅलॅक्टिका’ नव्यानं उभी करणारे रोनाल्ड मूर त्या काळी याच मालिकेच्या लेखकांत होते. कॅप्टन सिस्को हरत चाललेलं युद्ध फिरवण्यासाठी खोटा पुरावा तयार करवतो. त्यापायी एक सिनेटर आणि खोटा पुरावा बनवणारा, दोघांचा जीव जातो. तोवर तटस्थ असलेले रोम्युलन त्याच्या बाजूनं युद्धात उतरतात, डाव उलटतो. हे सगळं तो आपल्या रोजनिशीत बोलून नोंदवतो आणि शेवटी ती नोंद पुसून टाकतो. कोट्यवधी वाचले असतील. तरी तो पुसण्याचा क्षण मला ‘ऑलिम्पिक कॅरियर’पेक्षा भयंकर वाटतो.

‘गॅलॅक्टिका’मध्येच पुढे भेटणाऱ्या दुसऱ्या युद्धनौकेच्या प्रमुख, अ‍ॅडमिरल केनबद्दल फार लिहीत नाही. तिनं नागरी जहाजांतून सुटे भाग आणि उपयोगाची माणसं काढून घेतली, बाकीच्यांना तिथेच सोडलं, नकार देणाऱ्यांच्या घरच्यांवर गोळ्या झाडायला लावल्या. रॉझलिननंही सुरुवातीला उडी न मारता येणारी जहाजं मागे सोडली होती, हे खरं आहे. पण केनचा हिशोब गोदामातल्या मालाचा आहे, त्यात चिठ्ठीला जागाच नाही.

मला हे एवढं का लागतं? एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात आम्ही काही जण बेड शोधून देणाऱ्या फोनवर बसायचो. माझ्याकडे दोनशे पानी वही होती: नाव, वय, ऑक्सिजन, नातेवाइकाचा नंबर. एका रात्री अडीच वाजता एक बेड मोकळा झाल्याचं कळलं. वहीत दोन नावं होती. एक ३८ वर्षांचे, ऑक्सिजन ८४. दुसऱ्या ७१ वर्षांच्या आजी, ७६. मी पहिल्या घरी फोन लावला. का, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. तीन रात्रींची झोप झालेली नव्हती. सकाळी आजींच्या मुलाचा फोन आला, ‘ताई, आता नको.’ एवढंच म्हणाला. रागावला नाही.

मिळालेल्या बेडपुढे आम्ही बरोबरची खूण करायचो आणि गेलेल्यांचं नाव खोडायचो. आजींचं नाव मी खोडलं नाही. त्यांच्यापुढे वेळ लिहिली: २.३०.

तेव्हा ‘वॉटर’ पाहाच, आणि त्याआधी २००३ ची दोन भागांची सुरुवात पाहिली नसेल तर तीही. तिच्यात जहाजाला आग लागते तेव्हा कर्नल टाइ दारं बंद करून आतली हवा बाहेर सोडतो, ८५ जण आत असताना. खालच्या डेकवरचा प्रमुख टायरोल त्या प्रत्येकाला ओळखत असतो. ते पाहून मग पुन्हा ‘३३’ लावा, आणि तुम्हाला काय वाटलं ते इथे लिहा. मी वाचेन.