छावणीतली शाळा आणि शाळेचा दाखला

गेल्या अंकात निर्वासित मुलांच्या शिक्षणावर एक टिपण आले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. युद्धाच्या बातम्यांत निर्वासितांच्या छावण्या दिसतात आणि तेथे प्रत्येक तंबूवर वेगळ्या संस्थेचा फलक असतो. या सगळ्यांना कामे कोण वाटून देते? आणि जेथे अन्नपाण्याचीच भ्रांत आहे, तेथे शाळेचा आग्रह धरणे कितपत योग्य आहे?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मदतकार्य करणाऱ्या मोठ्या संस्थांनाही पुष्कळ काळ पडलेला होता. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने आणीबाणीतील मदतकार्याची विषयवार विभागणी झाली आणि पाणी, आरोग्य, निवारा अशा विषयांसाठी एकेक समूह, म्हणजे क्लस्टर, ठरवला गेला. त्या पहिल्या यादीत शिक्षण नव्हते. ते नंतर जोडले गेले. आधी अन्न, मग शाळा, हा विचार वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो, परंतु छावणी चार-दोन आठवड्यांत उठेल असे त्यात धरून चाललेले असते. केनियातील दादाबच्या छावण्या १९९१ मध्ये उभ्या राहिल्या आणि आजही तेथे लोक राहत आहेत. तेथे जन्मलेल्या मुली आज आया झाल्या आहेत आणि त्यांची मुले शाळेच्या वयाची आहेत. यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात शाळेच्या वयाची सुमारे १ कोटी ४८ लाख निर्वासित मुले होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक शाळेबाहेर होती. शिवाय शाळा भरत असली की मुलाचे नाव हजेरीपटावर असते आणि ते चार दिवस आले नाही तर चौकशी करणारे कोणीतरी असते. लस देणाऱ्यांना आणि ताटातूट झालेल्या मुलांच्या आईवडिलांचा शोध घेणाऱ्यांनाही हाच पट हाताशी लागतो. म्हणून अन्न आणि शाळा यांना एकाच रांगेत पुढेमागे उभे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वाटपाविषयी. लोक सीमा ओलांडून दुसऱ्या देशात आले असतील तर ते निर्वासित ठरतात आणि त्यांच्यासाठीच्या कामाचा मेळ घालण्याची जबाबदारी आश्रय देणाऱ्या देशाच्या सरकारसह यूएनएचसीआरकडे असते. लोक आपल्याच देशात घरादाराला मुकले असतील, तर शिक्षणाचा समूह काम करतो आणि जागतिक पातळीवर त्याचे नेतृत्व युनिसेफ व सेव्ह द चिल्ड्रन मिळून करतात. प्रत्यक्षात एकाच जिल्ह्यात दोन्ही प्रकारची कुटुंबे शेजारी शेजारी राहत असतात, तेव्हा या दोन व्यवस्थांना एका टेबलाशी बसावे लागते. त्या टेबलावर मुख्य कागद असतो तो एका तक्त्याचा : कोण, कोठे, काय, केव्हा आणि कोणासाठी करत आहे. हा तक्ता दर आठवड्याला खरेपणाने भरला गेला, तर एका वस्तीत तीन शाळा आणि पलीकडच्या वस्तीत एकही नाही, हा प्रकार टळतो. शिक्षकांचे मानधनही तेथेच ठरवावे लागते, कारण एका संस्थेने थोडे जास्त देऊ केले की शेजारच्या वर्गाचा शिक्षक तिकडे जातो आणि चाळीस मुले फळ्यासमोर नुसती बसून राहतात.

मेळ नसला की काय होते, ते मी लहान प्रमाणावर मुंबईतच पाहिले आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर कुर्ल्याजवळच्या एका शाळेत मी मदतीला जात होते. दोन आठवड्यांत तीन वेगवेगळ्या संस्था येऊन गेल्या आणि तिघींनीही दप्तरेच वाटली. एका मुलीकडे तीन दप्तरे झाली आणि पाटीवर लिहायला पेन्सिल मात्र एकही नव्हती. तळमजल्यावरच्या कपाटात शाळेचे जनरल रजिस्टर भिजून फुगले होते, पाने एकमेकांना चिकटली होती, आणि जन्मतारखेच्या रकान्यातली शाई पसरून निळे डाग तेवढे उरले होते. आम्ही दोघीजणी पंख्याखाली बसून पट्टीच्या कडेने एकेक पान सोडवत होतो. त्या मुलांच्या पुढच्या सगळ्या शिक्षणाचा आधार त्या वहीत होता आणि तिच्याविषयी विचारायला कोणीही आले नव्हते. छावणीतल्या शाळेविषयी वाचताना मला आजही प्रथम त्या रजिस्टराची आठवण होते.

प्रश्न : आमचे सासरे फाळणीनंतर कराचीहून कल्याणच्या छावणीत आले. त्यांचा १९४६ चा मॅट्रिकचा दाखला आम्ही अजून पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला आहे. त्यावर मुंबई विद्यापीठाचे नाव आहे. त्या दाखल्याने आपले आयुष्य तारले, असे ते म्हणत असत. आजच्या निर्वासित मुलांना कोणत्या भाषेत आणि कोणत्या अभ्यासक्रमाने शिकवावे?
— एक वाचक, उल्हासनगर

उत्तर : आपल्या सासऱ्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे आणि त्याचे कारण त्या कागदावरच छापलेले आहे. सिंध प्रांत १९३६ मध्ये मुंबई इलाख्यापासून वेगळा झाला, तरी तेथील शाळा-महाविद्यालयांच्या परीक्षा पुढेही मुंबई विद्यापीठाकडेच राहिल्या. सिंध विद्यापीठ स्थापन झाले ते १९४७ मध्ये. त्यामुळे कराचीहून आलेला तरुण सर्वस्व गमावून बसला असला, तरी त्याच्या हातातला दाखला मुंबईच्या कोणत्याही कारकुनाला वाचता येत होता. पाठोपाठ शिक्षकही आले. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजच्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जय हिंद कॉलेज सुरू केले आणि सिंधमधील हैदराबादच्या नॅशनल कॉलेजची परंपरा १९४९ मध्ये वांद्र्याला नव्याने रुजली. परीक्षा, शिक्षक आणि दाखला या तिन्ही गोष्टी एकत्र जुळून येण्याचे असे भाग्य निर्वासितांच्या वाट्याला क्वचितच येते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आहे. सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेले सुमारे ५,००० पोलिश लोक, त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात तेथे राहिले. त्यांच्या स्वतःच्या शाळा होत्या, शिक्षक त्यांच्यातलेच होते आणि सारे शिक्षण पोलिश भाषेत, पोलंडला परत जायचे या भरवशावर चाललेले होते. मुलांचे मन सावरण्यासाठी त्या शाळांनी जे केले, त्याला तोड नाही. परंतु १९४५ मध्ये लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारची मान्यता गेली, मायदेशात राजवट बदलली आणि यांतली पुष्कळ मुले पुढे पोलंडऐवजी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत गेली. ज्या देशासाठी ती शिकत होती, तो देश त्यांच्या वाट्याला आला नाही.

म्हणून मला वाटते, की छावणीत पहिला वर्ग भरण्याआधी एकच प्रश्न ठरवून घेतला पाहिजे : हे मूल पुढे कोणत्या परीक्षेला बसणार आहे आणि त्या परीक्षेचा कागद कोण मानणार आहे? भाषा, पुस्तके, शिक्षकांची निवड, हे सारे त्या उत्तरावर अवलंबून असते आणि ते उत्तर कोणतीही एक संस्था एकटीने देऊ शकत नाही. त्यासाठी आश्रय देणाऱ्या देशाचे शिक्षण मंत्रालय लागते, आणि शक्य असेल तेथे मायदेशाचेही.

कॉक्स बाजारची गोष्ट या बाबतीत फार शिकवणारी आहे. २५ ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांतच म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. बांबूच्या भिंतींची हजारो शिक्षणकेंद्रे उभी राहिली. मुले पाळीपाळीने येत आणि वर्गात स्थानिक बांगलादेशी शिक्षकाबरोबर एक रोहिंग्या शिक्षकही असे. रोहिंग्या बोली चितगावच्या बोलीला जवळची असल्यामुळे स्थानिक शिक्षक मुलांशी बोलू शकत होते, ही जमेची बाजू होती. परंतु हे लोक परत जाणार आहेत, या भूमिकेमुळे बांगलादेश सरकारने बंगाली माध्यमाला आणि आपल्या अभ्यासक्रमाला परवानगी दिली नाही. म्यानमारच्या अभ्यासक्रमाला संमती मिळायला जानेवारी २०२० उजाडले आणि तो प्रायोगिक स्वरूपात वर्गात आला तो २०२१ च्या अखेरीस. २०१७ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल तोवर चौदा वर्षांचे झाले होते. संस्थांच्या बैठका होत होत्या, तक्तेही भरले जात होते. कमी पडला तो राजकीय निर्णय, आणि त्याची किंमत मुलांच्या चार वर्षांनी चुकवली.

इतर काही देशांनी दुसरी वाट धरली. चाड देशाने २०१४ मध्ये दार्फुरहून आलेल्या सुदानी मुलांच्या शाळा सुदानी अभ्यासक्रमावरून स्वतःच्या अभ्यासक्रमावर आणल्या. पालकांना ते जड गेले, कारण अभ्यासक्रमाबरोबर परतीची आशाही हातची जाते असे त्यांना वाटत होते, आणि ही भावना हलक्यात घेण्यासारखी नाही. तुर्कस्ताननेही सीरियन मुलांसाठीची तात्पुरती केंद्रे २०१६ पासून टप्प्याटप्प्याने बंद करून मुलांना सरकारी शाळांत घेतले. लेबनॉनने आपल्या सरकारी शाळांत या मुलांसाठी दुपारची दुसरी पाळी सुरू केली. तेथे दाखल्याचा प्रश्न सुटला, मात्र सकाळची मुले आणि दुपारची मुले एकमेकांना ओळखत नाहीत, ही उणीव राहिली. माझा कल आश्रय देणाऱ्या देशाच्या शाळांकडे आहे, पण पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलाची स्वतःची भाषा वर्गात ऐकू आलीच पाहिजे आणि पुढेही ती एक विषय म्हणून टिकली पाहिजे. मराठी, गुजराती, उर्दू, तमिळ, तेलुगू, कन्नड अशी माध्यमे एकाच महापालिकेत चालवणाऱ्या मुंबईकराला ही गोष्ट अशक्य वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी एका खासगी अनुदानित शाळेचा मुख्याध्यापक आहे. परदेशातून जीव वाचवून आलेल्या कुटुंबातील नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याचे काका आले होते. जन्मदाखला नाही, आधार नाही, आधीच्या शाळेचा दाखला नाही. भारताने निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, असे ऐकून आहे. मी प्रवेश देऊ शकतो का?
— मुख्याध्यापक, पूर्व उपनगर

उत्तर : होय, आणि द्यावा. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात भारत सहभागी नाही, हे आपण बरोबर ऐकले आहे. परंतु १९८९ च्या बालहक्क संहितेला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली आहे, आणि त्याहून जवळचे म्हणजे आपल्या राज्यघटनेचे कलम २१-अ ६ ते १४ वयाच्या ‘सर्व बालकां’विषयी बोलते, त्यात नागरिक हा शब्द नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. आधार नाही म्हणून शाळेत प्रवेश अडवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. दिल्लीतील रोहिंग्या मुलांच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२५ मध्ये याच न्यायालयाने मुलांनी आधी थेट शाळांकडे प्रवेश मागावा आणि नाकारला गेल्यास उच्च न्यायालयात जावे, असा मार्ग दाखवला.

काकांकडून वयाविषयीचे स्वयंघोषणापत्र लिहून घ्या. आईवडील कोठे आहेत आणि मुलाचे पालकत्व प्रत्यक्षात कोणाकडे आहे, हे मात्र शांतपणे विचारा आणि शंका आली तर बालकल्याण समितीला कळवा. नाव मुलगा जसे उच्चारतो तसेच, त्याच्याकडून दोन-तीनदा म्हणवून घेऊन, जनरल रजिस्टरात लिहा, कारण आपण आज केलेले स्पेलिंग त्याच्या प्रत्येक कागदावर राहणार आहे. त्याच्या कुटुंबाची माहिती शिक्षकखोलीत चर्चेला येऊ देऊ नका.

प्रश्न : मी समाजकार्य शिकते. आम्ही मैत्रिणी वह्या आणि खेळणी गोळा करून एखाद्या परदेशातल्या छावणीत पाठवावी म्हणतो. ती कशी पाठवावी?
— एक विद्यार्थिनी, दादर

उत्तर : वस्तू पाठवू नका. वाहतुकीचा आणि सीमाशुल्काचा खर्च वह्यांच्या किमतीहून अधिक होतो, आणि तेथील दुकानदाराकडून त्याच वह्या विकत घेतल्या तर आश्रय देणाऱ्या गावालाही चार पैसे मिळतात. पैसे पाठवायचे असतील तर आणीबाणीतील शिक्षणासाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘एज्युकेशन कॅनॉट वेट’ या निधीची किंवा युनिसेफची माहिती पाहा.

परंतु आपण शिकत आहात, म्हणून एक वेगळे काम सुचवते. ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी पत्रक आहे. मूल दुसऱ्या गावी गेले तरी तेथल्या शाळेने त्या पत्रकावर त्याला बसवून घ्यावे, असा त्याचा उद्देश आहे. वसई-भिवंडीकडच्या एखाद्या भट्टीवर दिवाळीनंतर जा आणि किती मुलांकडे ते पत्रक आहे, जवळच्या शाळेने ते स्वीकारले का, परत गावी गेल्यावर मधल्या महिन्यांची हजेरी धरली गेली का, याची एका हंगामाची नोंद ठेवा. ही मुले निर्वासित नाहीत. पण त्यांचा दाखला ज्या जागी अडतो, ती जागा तीच आहे. नोंद पूर्ण झाली की मला कळवा, या सदरात ती छापण्यासाठी मी जागा राखून ठेवते.