‘जेवतोय ना, मग बरा आहे’ : म्हाताऱ्या कुत्र्यांविषयी वाचकांचे प्रश्न

म्हातारं, कुणीतरी सोडून दिलेलं कुत्रं घरी आणणाऱ्यांची पत्रं हल्ली वाढली आहेत. पशुवैद्य म्हणून याचा मला फार आनंद आहे. पण पत्रांतला गोंधळ तोच तोच असतो, आणि बहुतेक वेळा पत्र माझ्यापर्यंत येतं तेव्हा दाखवायला पंधरा दिवस उशीर झालेला असतो. म्हणून काही प्रश्न एकत्र घेते आहे. एक आधीच सांगते, पत्रावरून तपासणी होत नाही. इथलं काहीही करण्याआधी कुत्रं तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

आम्ही दोघं निवृत्त आहोत. ब्रीडरकडून सोडवलेली नऊ वर्षांची लॅब्रॅडॉर मादी शेल्टरमध्ये पाहिली. घ्यावी का? किती जगेल? (पुणे)

घ्या. लॅब्रॅडॉर साधारण १० ते १२ वर्षं जगतात, काही १४ पर्यंतही जातात. माणसाचं वय काढायला सातने गुणायचा हिशेब सोडून द्या. मोठ्या चणीचं कुत्रं लवकर म्हातारं होतं, लहान चणीचं उशिरा. शिवाय ‘नऊ’ हा दातांवरून बांधलेला अंदाज असणार. पिंजऱ्याचे गज चावणाऱ्या कुत्र्याचे दात वयाआधीच झिजतात.

घरी आणण्याआधी तिची पूर्ण तपासणी करून घ्या: रक्त, यकृत, मूत्रपिंडं, गोचीड ताप आणि लघवी. लघवीची तपासणी बहुतेक जण टाळतात. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो टाकाऊ घटक) वाढतं तेव्हा मूत्रपिंडांचं साधारण तीन-चतुर्थांश काम थांबलेलं असतं, लघवी त्याआधी बोलू लागते. दुसरं म्हणजे तिचं गर्भाशय काढलेलं आहे का, ते विचारा. नसेल तर हीट (माजाचा काळ) संपल्यावरच्या महिना-दोन महिन्यांत तिच्या पाणी पिण्यावर लक्ष ठेवा. एकाएकी भांडंच्या भांडं पाणी पिऊ लागली, मलूल झाली किंवा अंगावरून पू जाऊ लागला, तर गर्भाशयात पू झाला असण्याची शक्यता असते. पू बाहेर दिसेलच असं नाही. हे त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं दुखणं आहे. ऑपरेशन टाळून ‘आधी गोळ्या देऊन बघू’ म्हणण्यात कुत्र्या दगावलेल्या मी पाहिल्या आहेत.

पहिले काही दिवस ती कोपऱ्यात बसेल, नीट खाणार नाही. बसू द्या. पाहुण्यांना बघायला बोलावू नका. आणि कुत्रं प्रत्यक्ष दाखवण्याआधी ‘गाडीभाडं’ म्हणून ऑनलाइन पैसे मागणाऱ्या कुणालाही, फोटो कितीही केविलवाणा असला तरी, एक रुपया देऊ नका.

दूध-पोळी चालेल का? (सातारा)

नको. दूध बऱ्याच कुत्र्यांना सोसत नाही, आणि पोळीने वजन वाढतं. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे तर अजिबात नकोत.

डोळे निळसर दिसतात. मोतीबिंदू? (नाशिक)

या वयात बहुतेकदा तो भिंग टणक झाल्याचा रंग असतो आणि नजर बऱ्यापैकी शाबूत राहते. पण तो वस्तूंवर आपटत असेल, डोळा लाल असेल किंवा सारखा मिटत असेल, तर आजच दाखवा.

रात्री खोकतो. मेडिकलवाल्याने कफ सिरप दिलंय. स्पिट्झ, १२ वर्षं. (ठाणे)

सिरप थांबवा. तो गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजा. आकडा सतत ३० च्या वर असेल तर हृदयाची तपासणी लगेच हवी. कमी असला तरी हवीच, फक्त मग दोन दिवस थांबता येईल.

मागचे पाय लटपटतात. भावाने आपली दुखण्यावरची गोळी अर्धी करून दिली, फरक पडला. शिवाय सांध्यांची पावडर सुरू केली आहे, महिना २,८०० रुपये. (डोंबिवली)

फरक पडला म्हणजे दुखत होतं, एवढंच त्यातून कळलं. ती गोळी पुन्हा देऊ नका. इबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही माणसांची औषधं कुत्र्याच्या जठराला छिद्र पाडू शकतात आणि मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांसाठी (औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन ती मरत होती), पण कुत्र्यालाही ते सोसत नाही. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामकं आहेत. मूत्रपिंडं तपासून, वजनाच्या मापाने डॉक्टर ती देतात. भावाची गोळी कधी आणि किती दिली तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका. नव्या औषधाआधी काही दिवस मध्ये जाऊ द्यावे लागतात. स्टेरॉइडबरोबर तर ही औषधं कधीच नको.

पावडरीचं म्हणाल, तर त्या पैशांत वजन उतरवा. जाड कुत्र्याचं वजन उतरलं की सांध्यांना जो आराम पडतो, तो मी कुठल्याही डब्यातून आलेला पाहिलेला नाही. डब्यावर ‘१०० टक्के नैसर्गिक’ लिहिलेलं असतं, आत किती काय आहे ते बहुधा नसतं. आणि घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी किंवा योगा मॅट अंथरा, पाणी पिण्याच्या जागेपर्यंत. म्हातारं कुत्रं फरशीवर घसरायच्या भीतीने उठतच नाही, आणि घरचे म्हणतात, आळशी झालाय.

काल सकाळपासून मान एका बाजूला कलली, डोळे गरगर फिरतात, पडतो. शेजारी म्हणाले, लकवा आहे, झोपवून टाका. (नागपूर)

शेजाऱ्यांचं ऐकून काहीही करू नका. म्हाताऱ्या कुत्र्यांत तोल सांभाळणारी कानाकडची यंत्रणा अशी अचानक बिघडते. दिसायला ते भयंकर असतं, पण बहुतेक कुत्री दोन-तीन आठवड्यांत चालू-फिरू लागतात, काहींची मान थोडी वाकडी राहते इतकंच. मात्र कानातला जंतुसंसर्ग किंवा मेंदूचा आजारही असाच दिसतो, म्हणून आजच न्या. या एका लक्षणावर घाईघाईने कायमचं झोपवणारं इंजेक्शन दिलेल्या कुत्र्यांबद्दल ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

बाबूला अकराव्या वर्षी रस्त्यावरून आणलं. आता १४ चा आहे. मूत्रपिंडं निकामी, उठवत नाही, रात्रभर धापा टाकतो. पण हातावर चिकन दिलं की खातो. सगळे म्हणतात, खातोय तोवर इंजेक्शन देऊ नका, त्याचं तो जाईल. पाप लागेल का? (कोल्हापूर)

आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि मग हे पुढचं वाचा.

‘जेवतोय ना, मग बरा आहे’ हे वाक्य मला रोज ऐकावं लागतं, आणि त्याने कुत्र्यांचे जितके हाल होतात तितके फार थोड्या गोष्टींनी होत असतील. जबड्यात गाठ असलेली कुत्री एका बाजूने चावून वाटी चाटूनपुसून साफ करताना मी पाहिली आहेत. भूक ही फार खोलवरची गोष्ट आहे, ती वेदनेच्या शेजारी सुखाने राहते. शिवाय हातावरचं चिकन हे जेवण नव्हे. बाबू स्वतः उठून वाटीकडे शेवटचा कधी गेला, ते आठवा.

कुत्रं दुखतं तेव्हा बहुधा ओरडत नाही. रात्री धापा टाकतं. सारखी कूस बदलतं, धड झोपत नाही. एकच जागा चाटत राहतं. हात लावला की मान फिरवतं. दारावरची बेल वाजली तरी उठत नाही. ‘वय झालंय’ म्हणून आपण हे सगळं सोडून देतो. वय हा आजार नाही. त्यामागे काहीतरी दुखत असतं, आणि त्यावर बऱ्याचदा औषध असतं. ते लवकर दिलं तर पुढची एक-दोन वर्षं चांगली जाऊ शकतात. बाबूसाठी आता ती वेळ उरलेली दिसत नाही, तरी हे तुमच्या डॉक्टरांनी तपासून सांगायचं आहे.

‘त्याचं तो जाईल’ म्हणणाऱ्यांनी मूत्रपिंडं बंद पडलेलं कुत्रं शेवटपर्यंत पाहिलेलं नसतं. उलट्या होतात, तोंडात जखमा होतात, काहींना झटके येतात, आणि हे दिवसेंदिवस चालतं. त्याला रस्त्यावरून उचललंत तेव्हा तुम्ही त्याला निसर्गावर सोडलं नव्हतं. लस दिलीत, गोचीड काढलेत, सलाईन लावलंत. मग हा शेवटचा आठवडा तरी त्याच्यावर एकट्यावर का टाकायचा? पापाबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. वेदनेबद्दल आहे, आणि तुम्ही लिहिलं आहे त्यात ती ओळीओळीत दिसते.

ज्यांना अजून वेळ आहे त्यांनी कॅलेंडर घ्यावं आणि रोज रात्री चांगला दिवस की वाईट, एवढी खूण करावी. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची एक मोजपट्टी आम्ही डॉक्टरही वापरतो: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण, दहा म्हणजे सगळ्यात चांगलं (वेदनेत दहा म्हणजे वेदना नाही). बेरीज ३५ च्या वर राहिली तर सांभाळत राहायला हरकत नाही. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे गुण द्यावेत, म्हणजे कोण स्वतःला समजावतंय ते कळतं.

माझी जाई १३ वर्षांची असताना प्लीहेच्या गाठीने गेली. मी डॉक्टर असूनही दहा दिवस उशीर केला, कारण सकाळी ती शेपूट हलवायची. ते दहा दिवस मला अजून माफ करता आलेले नाहीत.

हे शेवटचं इंजेक्शन देताना प्रत्यक्ष काय होतं तेही सांगते, कारण भीती तिथेच असते. आधी स्नायूत शांत करणारं इंजेक्शन देतात. दहा-पंधरा मिनिटांत तो गाढ झोपतो. मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस देतात, आणि एक-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं होतं, लघवी होते. तो तेव्हा जागा नसतो. ‘आधी पूर्ण भूल देणार ना?’ हे आधीच विचारा आणि स्पष्ट ‘हो’ आलं नाही तर दुसरे डॉक्टर शोधा. स्ट्रिक्निनसारखं विष देऊन मारणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शक्यतो घरी बोलवा, त्याच्या गादीवर. आणि खोलीत थांबा. तो तुम्हालाच शोधत असतो.

सहा वर्षांच्या मुलीला काय सांगू? (वसई)

‘मेला’ असंच सांगा. ‘झोपला’ म्हणू नका, मुलं झोपायला घाबरतात. ती फारच गप्प झाली तर समुपदेशकाशी बोला.

गेल्यावर कुठे न्यायचं? अंगणात पुरलं तर? (मुंबई, रत्नागिरी)

मुंबईत मालाडला महापालिकेची प्राण्यांसाठी दहनव्यवस्था २०२३ पासून आहे. इतरत्र महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाला आधीच फोन करून ठेवा, त्या दिवशी सुचत नाही. अंगणात पुरायचं तर विहिरीपासून लांब आणि खोल पुरा. इंजेक्शनचं औषध शरीरात राहतं, आणि कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरून खाल्लं तर त्यांनाही बाधतं. घरात दुसरं कुत्रं असेल तर नेण्याआधी त्याला हुंगू द्या. नाहीतर ते बरेच दिवस दारात वाट बघत बसू शकतं.

तिची औषधं, गादी, पट्टा तसाच पडून आहे. शेल्टरला द्यावं का? (सांगली)

न फोडलेली, मुदतीतली औषधं तुमच्या डॉक्टरांकडे द्या, ते योग्य जागी पोहोचवतील. उघडलेल्या बाटल्या कुणालाच देऊ नका. पट्टा हवा तर ठेवा. गादी मात्र कडक उन्हात वाळवून लवकर द्या. पावसाळ्यात शेल्टरमध्ये कोरडं अंथरूण कधीच पुरत नाही, आणि ओल्या फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे आखडतात.