पहिली कुर्बानी करताय? एवढं सांभाळा

पहिल्यांदाच कुर्बानी करताय, मुबारक! सगळे मसले, म्हणजे धार्मिक नियम, एका दिवसात शिकायला जाऊ नका. आधी एक गोष्ट मनात पक्की करा: कुरआन सांगतं, अल्लाहपर्यंत मांस पोहोचत नाही, रक्तही नाही, पोहोचतो तो तुमचा तकवा, म्हणजे मनातली अल्लाहची जाणीव आणि निष्ठा. अल्लाहच्या हुकमावर पोटच्या मुलाचीही कुर्बानी द्यायला तयार झालेले पैगंबर हजरत इब्राहीम, त्यांची खरी परीक्षा हीच होती.

नवख्यांच्या चुका बहुतेक ठरलेल्या:

- ईदच्या नमाजआधीच कुर्बानी उरकणं. ती धरलीच जात नाही. जिल्हिजच्या (बकरी ईदच्या इस्लामी महिन्याच्या) १० तारखेनंतर, म्हणजे ईदच्या दिवसानंतर, ११ आणि १२ तारीखही असते, मग घाई कशाला?
- लंगडं, आंधळं किंवा आजारी जनावर घेणं.
- कसायाची मजुरी मांसातून किंवा कातड्यातून भागवणं. ती वेगळी, पैशांत द्या.

वाटे साधारण तीन: घर, नातलग, गरीब. माझं ऐकाल तर गरिबांचा आधी काढा, तोही चांगल्या मांसाचा.