शेतात सौर चिमणी उभारायची? आधी एका गुंठ्याचा हिशोब करू

तुमचे तीन प्रश्न आहेत. व्हिडिओत दाखवलेली सौर चिमणी, म्हणजे मोठ्या पारदर्शक छताखाली हवा तापते, मधल्या उंच नळकांड्यातून वर जाते आणि जाताजाता टर्बाईन फिरवते, ती खरी की थाप? खरी असेल तर कुठे दिसत का नाही? आणि गुंठाभर छताची, दहा मीटर उंच अशी एक शेतात उभारून घरापुरती वीज निघेल का?

थाप अजिबात नाही. स्पेनमध्ये माद्रिदच्या दक्षिणेला मान्झानारेसजवळ १९८२ साली ती उभी राहिली. पैसा जर्मन सरकारचा, रचना योर्ग श्लाइख यांची. कोलकात्याचा विद्यासागर सेतू ज्यांच्या कंपनीने डिझाइन केला, तेच हे श्लाइख. चिमणी १९५ मीटर उंच, १० मीटर रुंद, तीसुद्धा मिलिमीटरभर जाडीच्या पन्हळी पत्र्याची आणि चहूबाजूंनी सळ्यांचे ताण देऊन उभी केलेली. भोवतीचं छत २४४ मीटर व्यासाचं, जमिनीपासून साधारण पुरुषभर उंचीवर. काही भाग प्लास्टिकचा, काही काचेचा. प्लास्टिक उन्हाने कडक होऊन फाटत गेलं, काच मात्र टिकली. टर्बाईन चिमणीच्या बुडाशी, आडव्या पात्यांचं. हा प्रकल्प मुळात तीनेक वर्षांपुरताच होता, म्हणून ताणाच्या सळ्यांना गंजापासून संरक्षण दिलं नव्हतं. चालला मात्र सात वर्षं. १९८९ मध्ये वादळात त्या गंजक्या सळ्या तुटल्या आणि चिमणी कोसळली. तंत्र फसलं म्हणून पडली असं व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलंय, त्यात तथ्य नाही.

पण खरी मेख पुढे आहे. या सगळ्या पसाऱ्यातून जास्तीत जास्त वीज निघणार होती ५० किलोवॅट. छताचं क्षेत्रफळ सुमारे ४६,००० चौरस मीटर, म्हणजे साडेअकरा एकर. कडक उन्हात चौरस मीटरला अंदाजे हजार वॉट ऊन धरा. हजार वॉट आत, जेमतेम एक वॉट बाहेर.

हे कुणाच्या ढिसाळपणामुळे नाही. चिमणी उष्णतेतला किती हिस्सा झोतात बदलू शकते हे जवळपास फक्त तिच्या उंचीवर ठरतं. सूत्र सोपं आहे: गुरुत्वाकर्षण गुणिले उंची, भागिले हवेची विशिष्ट उष्णता (किलोभर हवा एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) आणि बाहेरचं तापमान (केल्विनमध्ये) यांचा गुणाकार. १९५ मीटरला उत्तर येतं सुमारे ०.६५ टक्के. एक किलोमीटर उंचीला सव्वातीन टक्के. छत कितीही भारी बसवा, टर्बाईन कुठलंही आणा, ही मर्यादा हलत नाही. म्हणून या क्षेत्रातला प्रत्येक माणूस शेवटी हजार मीटरच्या गप्पा मारायला लागतो. बुर्ज खलिफा ८२८ मीटर आहे, एवढं लक्षात घ्या.

ऑस्ट्रेलियात एन्व्हायरोमिशन कंपनीने मिल्ड्युराजवळ नेमका असाच हजार मीटरचा, २०० मेगावॅटचा मनोरा जाहीर केला होता. पुढे तीच मंडळी अमेरिकेत ॲरिझोनाला गेली. दोन्हीकडे काही उभं राहिलं नाही. कारण उघड आहे. असा मनोरा अर्धा बांधून अर्धी वीज विकता येत नाही. सगळा पैसा आधी ओता, मग पहिलं युनिट. सोलर पार्क मात्र तुकड्यातुकड्याने वाढवता येतं.

आणि दरम्यान सौर पॅनेल स्वस्त झाले. राजस्थानातल्या भडल्याच्या सोलर पार्कच्या लिलावात २०१७ मध्येच दर युनिटला २ रुपये ४४ पैशांवर आला होता. श्लाइख यांच्या गणितात २०० मेगावॅटला ७ किलोमीटर व्यासाचं छत लागतं, म्हणजे ३८ चौरस किलोमीटर. वर्षाची वीज ६८ कोटी युनिट. भडल्याच्या दाटीने तेवढ्याच जागेत पॅनेल लावले तर दीड हजार मेगावॅट बसतात आणि वीज निदान चौपट मिळते.

‘पण रात्रीही चालते ना?’ हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता सोडते, छताखाली पाण्याच्या काळ्या नळ्या पसरल्या तर आणखी. तरी मान्झानारेसचं यंत्र माणसाविना चाललं त्या ३२ महिन्यांची सरासरी दिवसाला नऊ तासांच्या आसपासच आहे. रात्रीची सोय हवी तर पाणी वर चढवून परत सोडणारी घाटघरसारखी २५० मेगावॅटची योजना आपल्याकडे केव्हाच चालू आहे. मला तो मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

आता तुमचा गुंठा. शंभर चौरस मीटर छत, भर दुपारचं १०० किलोवॅट ऊन. त्यातलं निम्मं हवेत उतरलं तर ५० किलोवॅट उष्णता. छोट्या छताला हेही जास्तच धरलंय. दहा मीटर चिमणीचा हिस्सा ०.०३३ टक्के, म्हणजे साडेसोळा वॉट. टर्बाईन-जनित्राची गळती वजा जाता दहा-बारा. एक एलईडी बल्ब! तोही फक्त दुपारी. याच जागेवर पॅनेल लावले, मध्ये फिरायला वाट सोडली, तरी दहा किलोवॅट कुठे जात नाहीत.

चिमणी उभारायचीच हौस असेल तर वाळवण यंत्रासाठी उभारा. तिथे उष्णता उष्णता म्हणूनच वापरायची असते, वीज करायच्या भानगडीत ती वाया जात नाही. काळ्या रंगाचा पत्रा, वर काच, खालून हवेला फट, पुढे जाळीचे ट्रे आणि शेवटी तीन-चार मीटरचा काळा पाइप. मिरची, हळद, कांद्याच्या चकत्या धुळीशिवाय वाळतात, पंखाही लागत नाही. फक्त खालची फट कमीजास्त करता येईल अशी ठेवा, कारण हवा फार जोरात गेली तर ती तापतच नाही. पाइपच्या तोंडावर पावसाची टोपी बसवा, पण टोपी आणि तोंड यांच्यात वीतभर अंतर सोडा. बरेच जण ती घट्ट बसवतात आणि मग ओढच लागत नाही म्हणून विचारायला येतात.